जरा खत घाल, वाढतील

"ट्युलिप म्हणालीस ना? मग हे एवढेसे का?" बागेतल्या दगडांपाशी उकिडवं बसत काकांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच निदान करून मोकळे झाले. "खत कमी पडतंय. जरा खत घाल, वाढतील." समोर लिनिफोलिया नावाचा बुटका रानट्युलिप फुलला होता. उंची वीतभरही नाही. अरुंद, नागमोडी पानं खडीवर अंग टाकून पसरलेली, त्यांच्या कडांना बारीकशी तांबडी रेघ, आणि मधून निघालेल्या आखूड देठावर इतकं झगझगीत लाल फूल की भर उन्हात त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागतात. काकांना खोट दिसली ती उंचीची. मी हसून "बघते" म्हणाले आणि आम्ही चहाकडे वळलो. पण ते वाक्य काही माझा पिच्छा सोडेना. रात्री आवराआवर करताना, दुसऱ्या दिवशी तण उपटताना, मध्येच कुठूनतरी उगवायचं: जरा खत घाल, वाढतील.

काकांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, माया होती, म्हणूनच ते जास्त सललं. झाड खुरटलं की खत, मलूल झालं की पाणी, हे बागकामाचं बाळकडू मीही प्यायलेली. लहानपणी झारी माझ्या वाट्याला यायची. एखाद्या झाडाला चुकून दोनदा पाणी मिळालं तर आजी काही बोलायची नाही; एखादं राहून गेलं तर मात्र तिच्या कपाळावर आठी उमटायची. पुढे स्वतःची बाग केली तेव्हा हाताला तीच सवय होती. कुणाची काळजी घ्यायची म्हणजे त्याला काहीतरी देत राहायचं, हे इतकं अंगात मुरलेलं की त्यावर कधी विचार करायची वेळच आली नाही. आणि आता मी अशी झाडं लावून बसले होते, ज्यांना वर्षातला बराच काळ माझ्याकडून काहीच नको असतं.

हे पचायला वेळ लागतो.

ट्युलिप म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतात त्या रांगा: गुडघ्याएवढ्या उंचीचे सरळ देठ, वर एकसारखे गोलाकार पेले, एका पट्ट्यात लाल, पुढच्यात पिवळे. ती माणसाने घडवलेली फुलं आहेत, आणि छान आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. कार्लुस क्लूसियुस या वनस्पतीशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये हॉलंडातल्या लायडनच्या वनस्पतीउद्यानात कंद लावले, तेव्हापासूनची हॉलंडची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण ते कंद तिथे पोचण्याआधीच उस्मानी तुर्कांच्या बागांमध्ये त्यांची निवड, जोपासना, कौतुक सगळं होऊन गेलेलं होतं. १६३७ मध्ये हॉलंडातला ट्युलिपच्या कंदांच्या सट्ट्याचा तो प्रसिद्ध बाजार कोसळला, तोही अशाच बागेत वाढवलेल्या, रेघारेघांच्या मोठ्या फुलांपायी. डोंगरातले बुटके ट्युलिप या सगळ्या धामधुमीपासून लांब, आपापल्या उतारावर फुलत राहिले. ट्युलिपच्या एकूण पाऊणशेच्या आसपास जाती मानतात, भूमध्य समुद्रापासून पश्चिम चीनपर्यंत पसरलेल्या, आणि त्यांची सगळ्यात दाट वस्ती तिएनशान आणि पामीर-आलाय या मध्य आशियातल्या पर्वतरांगांत. बाबराला काबूलजवळच्या डोंगरपायथ्याशी इतक्या तऱ्हा दिसल्या की त्याने त्या मोजायला लावल्या. ३२ की ३३ भरल्या, असं तो लिहून गेलाय. लढाया आणि पळापळीत अर्धं आयुष्य गेलेला माणूस मधेच थांबून फुलांची मोजदाद करतो, हे मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा जास्त आवडतं.

या जाती बुटक्या का, याचं उत्तर त्यांच्या गावात आहे. हिवाळाभर अंगावर बर्फ. मग बर्फ वितळतं, दगडमातीतून पाणी झिरपत खाली जातं, आणि ओल असते तोवर, म्हणजे जेमतेम दोन-तीन महिन्यांत, पान काढायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षीचा कंद भरून ठेवायचा. त्यानंतर उतार करपतो. माती भाजून निघते, पाऊस नाही, सावली नाही. एवढ्या थोड्या दिवसांत उंच देठ उभारत बसणं परवडत नाही. शिवाय डोंगरावरचा वारा. जो मान वर काढेल त्याची मान मोडेल. आणि जमिनीलगत एक फायदाही असतो: उन्हात तापलेल्या दगडांमुळे तिथली हवा वरच्या हवेपेक्षा उबदार राहते. तुर्कस्तानच्या पूर्व भागात आणि इराणात वितळत्या बर्फाच्या काठाला फुलणारा ह्युमिलिस म्हणूनच जमिनीला चिकटून असतो. त्याचं नावच 'नम्र' अशा अर्थाचं, पण फुलाचा जांभळा-गुलाबी रंग पाहिला तर नम्रतेचा मागमूस सापडत नाही.

तेव्हा अशी झाडं लावायची तर त्यांना त्यांच्या गावाचा निदान एक तुकडा तरी द्यावा लागतो, आणि तो रॉक गार्डनमध्येच देता येतो. इथेही आपल्या मनात एक ठरीव चित्र असतं: मातीचा ढीग घालायचा आणि त्यात दगड खोचायचे. रेजिनाल्ड फॅरर या इंग्रज वनस्पतीशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बागांची यथेच्छ टिंगल केली होती. त्याच्या मते त्यांचे तीन प्रकार: बदाम टोचलेलं पुडिंग, कुत्र्याची कबर आणि सैतानाच्या ओच्यातून सांडलेली रास. आपल्या आसपासच्या बऱ्याच रॉक गार्डन या यादीत चपखल बसतात. दगड जमिनीवर ठेवायचा नसतो, पुरायचा असतो. निदान एक तृतीयांश आत. आणि तो किंचित मागे कलता ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर पडलेलं पाणी पुढे ओघळून वाया न जाता मागे, मुळांकडे जातं. सगळ्या दगडांचे थर एकाच दिशेने गेले की ते एकाच खडकाचे वर आलेले भाग वाटतात. हे सांगायला सोपं आहे. एकेक दगड पहारीने इंच-इंच सरकवताना, "आता कसा दिसतो?" असं घरातल्यांना विचारत राहताना, आणि त्यांनी खिडकीतूनच "छान" म्हणून पडदा ओढून घेतल्यावर, माणसाच्या सौंदर्यदृष्टीची खरी कसोटी लागते.

माती तर मातीसारखी दिसतच नाही. बागेतली साधी माती एक भाग, कुजलेल्या पाल्याचं खत एक भाग, आणि दोन भाग टोकदार बारीक खडी. गुळगुळीत गोट्यांनी काम भागत नाही, कारण ते दाटून बसतात. कोनाकोनांच्या खडीत हवा खेळते. मूठभर हातात घेऊन दाबली तर लाडू वळता कामा नये, बोटं उघडली की सांडली पाहिजे. वरून पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर खडीचा थर. त्यामुळे झाडाची मान कोरडी राहते, पावसाचे चिखलाचे शिंतोडे फुलांवर उडत नाहीत, आणि ऊन पडलं की खडी लगेच तापते. जहांगीराने काश्मीरबद्दल लिहिताना घरांच्या मातीच्या छपरांवर फुलणाऱ्या ट्युलिपांची नोंद केली आहे. मला त्या नोंदीत सौंदर्याइतकाच निचरा दिसतो. उतरतं छप्पर, मातीचा थर, हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात रणरणतं ऊन: ट्युलिपने आणखी मागायचं तरी काय?

कंद लावायचे ते शरद उलटून थंडी चांगली जाणवायला लागल्यावर. घाई केली तर उबदार ओल्या मातीत बुरशीला आयतंच फावतं. बोट्रायटिस ट्युलिपे नावाची एक बुरशी तर खास यांच्याच वाईटावर असते. पानं भाजल्यासारखी डागाळून पिळवटतात आणि बघता बघता सगळा वाफा पेटल्यासारखा दिसतो. थंडी पडेपर्यंत धीर धरला की तिचा जोर बराच कमी होतो. कंद हातात घेतला की मला नेहमी आश्चर्य वाटतं. सुपारीएवढा, काही जातींत त्याहून लहान. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला मुळांची बारीक कड. वरचं तपकिरी टरफल चामड्यासारखं चिवट, आणि शेंड्याशी नखाने जरा उचकटून पाहिलं तर आतून लोकर. खरोखरची दिसावी अशी, फिकट पिवळसर केसांची दाट लव. लिनिफोलिया आणि क्लूसियाना या जातींच्या कंदांना ती टोकाशी बाहेरही डोकावते. ते टरफल काढायचं नाही, जसंच्या तसं ठेवायचं. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, आणि इतक्या हलक्या मातीत त्याहून थोडं जास्तच. वरून जाळी, कारण आपण कंद पुरताना झाडावरची खार सगळं बघत असते.

मग थंडीचं काम. साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खालचा गारठा मिळाला नाही तर देठ लांबतच नाही, फूल पानांतच घुसमटतं. जिथे असा हिवाळा पडत नाही तिथे लोक कंद फ्रिजमध्ये ठेवून कुंडीत लावतात, आणि फुलंही येतात. फक्त त्या फ्रिजमध्ये पिकती फळं ठेवू नयेत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने आतली कळी मरते. हा मार्ग मला त्याज्य वाटत नाही, पण मला तो फुलदाणीच्या जवळचा वाटतो. पुढच्या वर्षी तोच कंद तिथेच पुन्हा उठेल, ही त्यात आशा नसते, आणि माझा जीव अडकलाय तो नेमका त्या पुन्हा उठण्यात.

फुलायच्या दिवसांत सकाळी मी खुर्ची घेऊन बाहेर बसते. ढगाळ हवा असेल तर बघण्यासारखं काही नसतं. मिटलेल्या कळ्या बाहेरून राखाडी-हिरवट, मळकट म्हणाव्यात अशा. रस्त्याने जाणारा ढुंकूनही बघणार नाही. ऊन दगडावर येतं, मग खडीवर उतरतं. टार्डा या जातीची कळी आधी टोकाशी सैल होते, सहा पाकळ्यांमध्ये फटी पडतात, फटींतून पिवळं दिसायला लागतं आणि थोड्याच वेळात ती सपाट चांदणी होऊन बसलेली असते. मध्ये गडद पिवळा, टोकांना शुभ्र पांढरा. एकेका देठावर अशा चार-पाच. ह्युमिलिसचा एक पांढरा प्रकार आहे, त्याच्या तळाशी पोलादी निळा डोळा असतो. ट्युलिपमध्ये खरा निळा रंग शोधणाऱ्यांनी फूल पूर्ण उघडेपर्यंत थांबून वरून आत डोकवावं. तुर्केस्तानिकाची फुलं मलईच्या रंगाची, मध्ये नारिंगी, दिसायला गोड, पण नाक जवळ नेऊ नका. वास काही फारसा चांगला नाही. या उघडमिटीचं कारण मला वाचून कळलं तेव्हा मी पुन्हा जाऊन पाकळ्या निरखल्या होत्या. पाकळीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वाढीसाठी लागणारी ऊब वेगवेगळी असते. हवा तापली की आतली बाजू भराभर लांबते आणि पाकळी बाहेर कलते. गार झाली की बाहेरची बाजू वाढते आणि फूल मिटतं. म्हणजे प्रत्येक उघडमिटीला पाकळी थोडी मोठी होत असते. कळीतून पहिल्यांदा उमललेलं फूल आणि गळायला आलेलं तेच फूल यांच्या मापात चांगलाच फरक पडतो. काकांना वाढ हवी होती ना, ती इथे रोज चालू होती.

खताचं म्हणाल तर अगदी उपाशी मारायचं असंही नाही. पानं वर येताना थोडं पोटॅश दिलेलं चालतं, कंद भरायला मदत होते. पण नत्र भरपूर असलेलं खत, ताजं शेणखत, हे प्रेमापोटी घातलं तरी यांना बाधतं. पानं लुसलुशीत, लांब आणि लेचीपेची होतात, बुरशीला मऊ चारा मिळतो, कंद ओल्यात सडतो. क्रीट बेटावरचा साक्साटिलिस तर याचा उघड पुरावा आहे. फूल जांभळट गुलाबी, आत पिवळा तळ, पानं चकचकीत हिरवी, हिवाळ्यातच वर येणारी. याला सकस माती दिली की तो जमिनीखालून धावरे सोडत सुटतो, वीत-दोन वीत अंतरावर नवं पान काढतो, मग तिथून पुढे. सगळीकडे पानंच पानं आणि फूल औषधालाही नाही. तोच दोन दगडांच्या बेचक्यात, निकृष्ट मातीत, दिवसभर ऊन खात अडकवून ठेवला की कळ्या धरतो. चांगल्या घरात तो फिरत बसतो, अडचणीत फुलतो. यातून माणसांबद्दल काही निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण मी तो आवरते, कारण माणसांना अडचणीत ठेवणाऱ्यांना सबबी पुरवायची माझी इच्छा नाही. ही गोष्ट ट्युलिपपुरतीच खरी असू दे.

फुलं गेल्यानंतरचे दिवस मला सगळ्यात जड जातात. पानं पिवळी पडायला लागतात, टोकांपासून वाळत येतात, आणि नीटनेटक्या बागेत ते डोळ्यांना खुपतं. कात्री हातात शिवशिवते. पण त्याच पानांमधून शेवटचं अन्न खाली चाललेलं असतं. आपण म्हणतो, हा कंद इतकी वर्षं फुलतोय. खरं तर तोच कंद कधीच दुसऱ्यांदा फुलत नाही. लावलेला कंद पान-फूल उभं करण्यात स्वतःला संपवतो, आणि त्याच्याच पोटात नवा कंद भरत जातो. पानं वाळेपर्यंत जुन्याचं फक्त टरफल उरलेलं असतं. दरवर्षी आई जाते आणि लेक त्याच जागेवर उभी राहते, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, काही बदललं नाही.

मग उन्हाळा. वर काहीच नाही, नुसती खडी. बाकीच्या बागेला संध्याकाळी पाणी घालताना पाइप त्या कोपऱ्याशी आला की हात आपोआप तिकडे वळतो. कोरडीठाक, तापलेली जागा बघून पोटात कालवतंच. पण पुढच्या वसंतातलं फूल ठरतं ते याच दिवसांत, या भाजलेल्या मातीत. पानं वाळून गेल्यावर, कंद झोपलाय असं आपण म्हणतो तेव्हा, त्याच्या गाभ्यात पुढच्या कळीचे सगळे भाग घडत असतात: पाकळ्या, पुंकेसर, मधला बीजकोश, सगळं टाचणीच्या टोकाएवढं. या वेळी ओल लागली तर कंद कुजतो. म्हणून मी त्या कोपऱ्यात तहान नसलेलीच मंडळी सोबतीला लावली आहेत, सेडम आणि जमिनीवर पसरणारा थाइम, म्हणजे तिथे पाणी घालायला मला निमित्तच उरत नाही. आजी असती तर तिने आठी घातली असती. तिला हे समजावून सांगायला मला आवडलं असतं. पटलं असतं का, शंकाच आहे. तिने रात्री गुपचूप तांब्याभर पाणी घातलं असतं.

इतकं सगळं सांगून झाल्यावर हे सगळं धाब्यावर बसवणाऱ्या एकाबद्दल सांगायला हवं. तुर्कस्तानच्या उत्तरेला अमास्याच्या परिसरातून आलेला स्प्रेंगेरी. याला शास्त्रीय नाव मिळालं १८९४ मध्ये, आणि त्याच्या मूळ गावी तो आता नाहीसा झाला असं मानलं जातं. आज जगात आहे तो बागांमध्येच. बाकीचे ट्युलिप आटोपून पानं वाळवत असतात तेव्हा हा फुलतो, सगळ्यांत शेवटी. फूल आतून लाल, बाहेरच्या पाकळ्यांच्या पाठीवर सोनेरी-मातकट झाक. हा टार्डा किंवा लिनिफोलियापेक्षा उंच, रॉक गार्डनच्या हिशेबात जरा ताडमाडच. त्याला अर्धवट सावली चालते, थोडी ओलही चालते, गवतातही तो तग धरतो. आणि त्याचं बी स्वतःहून पडून रुजतं. पहिल्या वर्षी गवताच्या पात्याएवढं एकच बारीक पान, नवख्याच्या हातून तण म्हणून उपटलं जाईल असं. खाली मात्र इवल्याशा कंदाने एक दोरा सरळ खोल सोडलेला असतो, आणि त्या दोऱ्याच्या टोकाशी नवा कंद तयार होतो, आधीच्यापेक्षा खाली. दरवर्षी आणखी थोडा खोल. चार-पाच वर्षांनी योग्य खोलीवर पोचला की मग फूल. जुने कंद उकरायला गेलं तर इतके खाली सापडतात की कुणी एवढं खणून लावले असतील यावर विश्वास बसत नाही. कुणी लावलेले नसतातच.

फुलं गेली की बोंडं कापावीत, म्हणजे कंदाची ताकद बियांत जात नाही, असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि बाकीच्या जातींच्या बाबतीत मी तो बहुतेक वेळा पाळते. स्प्रेंगेरीची बोंडं मी ठेवते. तिन्ही कप्प्यांत चपट्या, तांबूस-तपकिरी बियांच्या चळती लागलेल्या असतात. यंदा ती तडकली की निम्मं बी खडीत आणि निम्मं कुंपणाजवळच्या गवताच्या कडेला टाकायचा विचार आहे. काकांनी त्यांच्या अंगणासाठी थोडं मागितलंय. देईन. त्यांच्याकडची माती काळी, सकस, भरपूर खत खाल्लेली आहे. मला वाटतं, यातला हा एकच तिथे जमवून घेईल.